बारामतीत जन्मलेला लेसरकर्ता
स्वरतंतूंवरची गाठ ज्या लेसरने काढतात, त्याचा जनक बारामतीत जन्मला, हे निवासी डॉक्टरांना खरेच वाटत नाही. चंद्रकुमार पटेल १९५८मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे स्टॅनफर्डला गेले. १९६४मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर घडवला. त्याचे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचे अदृश्य किरण पेशींतले पाणी चटकन शोषून घेते. त्याची वाफ होऊन गाठ कापली जाते आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात. (कारखान्यात पोलाद कापणाराही हाच!) सरकारी नोकरीतला माझा अनुभव मात्र असा, की यंत्राच्या खरेदीला पैसे मिळतात, देखभालीचा करार फायलीत अडकतो. खरेदीच्या मंजुरीतच पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद सक्तीची करावी. तोवर आवाज बसलेला रुग्ण पुढची तारीख घेऊन घरी जातो.