खर्जाची विटंबना

मोठा आवाज म्हणजे भरदार आवाज, ही आपल्या सभामंडपांतली जुनी अंधश्रद्धा आहे. तिचा सर्वांत मुका बळी म्हणजे डबल बेस. गोमंतकीय वादकांनी पुरुषभर उंचीचे हे लाकडी वाद्य मुंबईच्या जाझमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवले, गाण्यांना पाया दिला. आज जुन्या गीतांच्या कार्यक्रमात ते क्वचित दिसते आणि स्पीकरमधून ऐकावे, तर पत्र्याच्या डब्यात खडे!

माईकवाला म्हणतो, वाद्यच जुनाट. रसिक म्हणतात, विजेनेच संगीताचा घात केला. मला दोघांचेही म्हणणे साफ नामंजूर आहे.

आज सर्रास वापरला जाणारा पिकअप म्हणजे वाद्याच्या घोडीत बसवलेला चिमुकला तुकडा. त्याच्यावरचा दाब बदलला की वीज निर्माण होते. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला. ही वीज फार नाजूक. ती ज्या यंत्रात शिरते, त्याचा अवरोध निदान दहा लाख ओहम हवा. पुष्कळदा ती खुपसली जाते दहा हजार ओहमच्या भोकात! खर्ज तिथेच गळतो, उरते बोटांची खरखर. मग खर्जाचे बटण पिळले जाते. स्पीकरच्या आवाजाने वाद्याचे पोट थरथरते, पिकअप तीच थरथर पुन्हा स्पीकरला पोचवतो आणि मंडपात हंबरडा फुटतो. दोष कोणाचा? लाकडाचा?

मागच्या बाकावरचा एक मुलगा हळू बोलतो, म्हणून साऱ्या वर्गाला ओरडायला लावणारा मास्तर आम्ही शाळेत ठेवणार नाही. मंडपात मात्र त्याचाच सत्कार!

उपाय अवघड नाहीत. मध्ये योग्य अवरोधाचा छोटा प्रीअँप ठेवा. स्पीकर वाद्याच्या पाठीशी ठेवू नका, जमिनीवरून उचला. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्याच्या खाली उरते ती निव्वळ गडगड, ती गाळून टाका. एक तार किंचाळते आणि शेजारची मुकी राहते, तर बटणांकडे धावू नका. वादकाला पिकअप केसभर सरकवू द्या. चारही तारा एकेक करून ऐका. आणि मुख्य म्हणजे, आवाज कमी करा.

संयोजक म्हणतात, एवढा वेळ कुठला? महाराज, झेंडूच्या कमानीसाठी आदल्या रात्रीपासून वेळ असतो, पाहुण्यांच्या शालीसाठी असतो. आणि ज्याने तीस वर्षे हात कमावला, त्या वादकाला पंधरा मिनिटे नाहीत? पहिल्या रांगेतले पोर हे वाद्य आज प्रथमच ऐकत असते. आपण त्याला गडगडाट ऐकवला, तर खर्ज म्हणजे गडगडाट असेच ते समजणार, आणि उद्या मोठे होऊन तेच बटण पिळणार. यंदाच्या दिवाळी पहाटेला कमान थोडी उशिरा बांधा. आधी त्या वादकाला बोलवा आणि त्याच्या चार तारा ऐका.