आकाशगंगा आहे, अंधार कुठाय?

रीलमधली दहा सेकंदांची आकाशगंगा बघून ट्रायपॉड घ्यायचा विचार करताय? आधी हिशेब ऐका. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे 240 फोटो, प्रत्येकाला 20 सेकंदांचं एक्स्पोजर. झाली 80 मिनिटं! एवढी चिकाटी असेलही तुमच्याकडे, पण मिट्ट काळोख आणणार कुठून? शहराजवळ क्षितिजावरचा पिवळट उजेड प्रत्येक फ्रेममध्ये घुसतो. एडिटिंगमध्ये रंग सुधारतो, बुडालेले मंद तारे काही परत येत नाहीत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, तो नुसत्या जंगलामुळे नव्हे. आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवला गेला. गावं काही अंधारात गेली नाहीत! तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा फ्लडलाइट कुठे तोंड करून उभाय, बघा जरा.