पल्ला वाढला, तालीम तीच

७ मे २०२५ च्या पहाटे आपल्या सेनादलांनी सीमेपलीकडे हल्ले केले आणि त्याच दिवशी देशभरातल्या नागरी संरक्षण जिल्ह्यांत तालीम होती. यादी २४४ जिल्ह्यांची, आदेश अवघ्या दोन दिवस आधीचा. इतक्या वर्षांनी भोंग्याची चावी कुणाकडे आहे इथपासून शोध सुरू करायला ही मुदत किती, हे आपल्यातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर, १९६८ मध्ये, आपला नागरी संरक्षण कायदा झाला. १९७१ नंतर मुंबईवर विमाने येण्याची धास्ती सरली, तसे लक्षही उडाले. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन आपल्याकडे आले आणि स्वयंसेवक पूर, दरडी, गर्दी यांत गुंतले. ते काम हलके नव्हे. पण युद्धाची तयारी त्यात मागे पडली. स्वीडनचेही हेच झाले. रशियाची भीती संपली असे धरून त्याने २००२ मध्ये नवे निवारे बांधणे थांबवले, आणि रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर पुन्हा जुळवाजुळव सुरू केली. शेजारच्या फिनलंडने मोठ्या इमारतींत निवाऱ्याची सक्ती कधी उठवलीच नाही. ५५ लाख लोकवस्तीत सुमारे ४८ लाखांची सोय आज तयार आहे. रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या देशाला विसरणे परवडत नाही, एवढेच.

आपल्या तालमीत मात्र अजून अंधारपटाचा थाट मोठा. १९७१ चा वैमानिक खालचे दिवे पाहून शहर ओळखत असे; आजच्या ड्रोनला उपग्रहावरून ठिकाण कळते. युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रे आणि उपकेंद्रे हेच लक्ष्य आहे. तिथे दिवे शत्रूच घालवतो. त्याच मे महिन्यात पूंछमध्ये तोफमाऱ्याने नागरिक दगावले; तिथे भोंग्याहून पक्के छप्पर कामाचे होते. म्हणजे धोका जागेप्रमाणे वेगळा, आणि तालीम सगळीकडे एकच.

उरण आणि तारापूर त्या २४४ च्या यादीत आहेत, ते योग्यच. पण तिथल्या तालमीच्या अहवालात स्ट्रेचर किती मिनिटांत आले याचीच नोंद होत असेल, तर ती अपुरी आहे. वीज गेल्यावर रुग्णालयाचा जनरेटर किती तास चालतो, पाणीपुरवठ्याचे पंप कशावर चालतात, मोबाइल बंद पडला तर वॉर्डनपर्यंत निरोप कोण नेतो, हे रकाने पुढच्या तालमीच्या तक्त्यात घाला. आणि डिझेलचा साठा कागदावरून लिहू नका, टाकीत काठी घालून मोजा.