ऐंशीला गाडी का थरथरते?

आमच्या कॅम्प नं. ३ मधला एक तरुण परवा काळजीत पडून आमच्याकडे आला. कर्ज काढून त्याने जुनी गाडी घेतली आहे. भाडी मारून चार जणांचे घर चालवतो. म्हणाला, "काका, गावात गाडी झकास चालते. पण पुण्याचं भाडं घेऊन एक्स्प्रेस वेवर ऐंशीच्या पुढे गेलो की स्टेअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, सगळं सस्पेन्शन बदला."

आम्ही म्हटले, बाबा, पैसे मोजण्याआधी गाडीलाच विचारू.

कल्याण-अंबरनाथ रस्त्यावरच्या गर्दीत गाडी चाळिशी गाठत नाही, म्हणून दोष झाकलेला राहतो. चाकाचा तोल एका बाजूला गेला असेल तर वेग दुप्पट होताच त्याचा ओढा चौपट होतो. ताशी ९० किलोमीटरला लहान गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. मग थरथर होणारच!

आता लक्षण ओळखा. स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाके पाहावीत; सीट हलत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबताना हादरे बसले तर ब्रेकची डिस्क तपासावी. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबताना बसले तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस केल्यावरही थरथर असेल तर इंजिनाचे माउंटिंग पाहावे.

या तरुणाची थरथर स्टेअरिंगमध्ये होती आणि ब्रेकशी तिचा संबंध नव्हता. तेव्हा आम्ही टायरवाल्याकडे पुढची चाके उतरवून घेतली. डाव्या टायरला आतल्या बाजूने चांगला फुगा आलेला! खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. सस्पेन्शन बदलले असते तरी हाच टायर प्रवाशांना घेऊन घाटात गेला असता. तो फुटला असता तर? पोराचा चेहरा उतरला.

पुढचे दोन्ही टायर नवे घातले, बॅलन्सिंग केले. थरथर थांबली. सस्पेन्शनला हातही लावावा लागला नाही.

प्रत्येक वेळी फुगाच असतो असे नाही. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसतो, किंवा रिमला लावलेले लहानसे वजन गळून पडते. म्हणून आधी चाकाचे नट घट्ट आहेत का पाहा. मग थंड टायरमधली हवा, आतून-बाहेरून टायर, त्यानंतर बॅलन्सिंग. अलाइनमेंट ही वेगळी गोष्ट. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडेच झिजत असेल तर ती करावी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावाच.

आणि थरथर वाटली की वेग हळूहळू कमी करा, गाडी सुरक्षित जागी थांबवा. घरच्यांना बसवून प्रयोग करू नका. आधी तपासा, मग खर्च करा.