निवृत्तीनंतरची गाडी : दोघांनी बसून पाहा

चौकहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान निवृत्त होत आहेत, जुनी गाडी देऊन ऑटोमॅटिक घ्यायचे घाटते आहे. त्या लिहितात, "ह्यांचा गुडघा दुखतो. मला गाडी येत नाही. कोणती घ्यावी?"

ताई, आधी सांगा, कोणता गुडघा? हसू नका! ऑटोमॅटिकला क्लच नसतो, म्हणून डाव्या पायाला सुट्टी. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबायचे. दुखणे उजव्या गुडघ्याचे असेल, तर लाखो रुपये घालण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

स्वस्तातली ती ए.एम.टी. मारुतीने ती २०१४ साली सेलेरिओत आणली. आतले गिअर नेहमीचेच, फक्त क्लच दाबून गिअर बदलायचे काम यंत्र करते. पेट्रोल बेताचे खाते, पण गिअर पडताना मान जराशी डोलते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सी.व्ही.टी. कशी, लोण्यासारखी जाते. पैसेही तसेच मोजावे लागतात. चौकहून पनवेल किंवा कर्जत एवढेच जाणे असेल, तर ए.एम.टी. पुरे. पुण्याकडे वरचेवर जायचे, तर खोपोलीपुढे बोरघाट आहे. चढावर थांबून निघताना गाडी मागे सरकू शकते, म्हणून 'हिल होल्ड' असलेलीच घ्या. उतरताना गिअर हाताने खालचा ठेवावा, सगळा भार ब्रेकवर नको.

शोरूममध्ये पुरुषमंडळी मायलेज नि रंग बघतात. तुम्ही साडी नेसून जा आणि दोनदा चढा-उतरा. सीट इतकी उंच हवी की आधी टेकावे, मग दोन्ही पाय आत घ्यावेत. खाली बुडी मारावी लागू नये. वॅगन-आरसारख्या उंच गाड्या त्या दृष्टीने बऱ्या. डिकीचा काठ उंच असेल तर तांदळाचे पोते कोण उचलणार, तेही बघा. काच पुसणारा पंखा, दिवे यांची बटणे न बघता हाताला सापडावीत. आपल्याकडच्या पावसात पडद्यावर बोट फिरवत बसायला वेळ नसतो.

आता पत्रातले ते मधले वाक्य. "मला गाडी येत नाही." ताई, तुम्हीच शिका. रात्री ह्यांच्याच छातीत दुखू लागले, तर पनवेलपर्यंत गाडी कोण नेणार? क्लचच्या धास्तीने शिकणे राहिले असेल, तर तो आता नाहीच. पंचावन्नीनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचेच मिळते, डॉक्टरांचा दाखला लागतो, पण मिळते.

मात्र शिकवणी ह्यांच्याकडून नको, वाद होतात! ड्रायव्हिंग स्कूलला ऑटोमॅटिक आहे का, विचारा. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात. गाडी 'डी'वर टाकण्यापूर्वी पाय ब्रेकवर हवा, कारण ब्रेक सोडताच बहुतेक गाड्या आपणहून पुढे निघतात. आणि डावा पाय मागे घेऊन ठेवा. हायवेवर त्यानंतर, तेही सकाळी लवकर.