काका, बसा ना!

माझे गुडघे हल्ली कुरकुरतात. मंगळवारी पुण्यात डेक्कनवरून कोथरूडच्या बसमध्ये चढलो. मला पाहून विशीतला एक मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “काका, बसा ना.”

‘काका’ मी केव्हाच पचवलंय. पण तो ‘ना’! आजाऱ्याला मऊ भात भरवताना लावतात तसला. “मी उतरतोच आहे,” मी ठोकून दिलं. मग खोटं निभावण्यासाठी नळस्टॉपला खरंच उतरावं लागलं आणि कर्वे रस्त्याने उन्हात घरापर्यंत चालावं लागलं. वाटेत सोबतीला फक्त मनातला बॉक्सर जॉर्ज फोरमन होता.

फोरमन गेला तो त्याआधीच्या शुक्रवारी, २१ मार्च २०२५ला, ७६व्या वर्षी. १९६८ला ऑलिंपिक सुवर्ण. १९७३ला दोन फेऱ्यांत जो फ्रेझरला सहा वेळा खाली पाडून हेवीवेट जगज्जेता. पुढच्याच वर्षी किन्शासात मुहम्मद अलीने दोरांना टेकून त्याला दमवलं आणि आठव्या फेरीत लोळवलं. १९७७ला हा गडी हातमोजे ठेवून धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी टक्कल, पोट वगैरे घेऊन परत आला. आमच्या शेजाऱ्यांना तो फक्त स्वतःच्या नावाची स्वयंपाकाची ग्रिल विकणारा म्हणून माहीत. “हो का, मारामारीपण करायचा?” असं म्हणाले.

करायचा, आणि दोन तऱ्हांनी. तरुणपणी दोन्ही हातांनी समोरच्याला ढकलून अंतर पाडायचा आणि लाकडं फोडल्यासारखा घाव घालायचा. परतल्यावर चेहऱ्यासमोर हातांची आडवी कवाडं लावून सावकाश पुढे सरकायचा. डावा हात मात्र तसाच जड. आणि मुख्य म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचाच नाही. पंचेचाळिशीतला गडी उभा आणि समोरचा तरणाबांड बसलेला! ५ नोव्हेंबर १९९४ला २६ वर्षांच्या मायकेल मूररविरुद्ध तो तिन्ही पंचांच्या गुणांत मागे होता. दहाव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला आणि वीस वर्षांनी पट्टा परत आला. चड्डीसुद्धा किन्शासातलीच लाल.

वीस वर्षं म्हणजे काहीच नाही म्हणा. आपले मुरलीकांत पेटकर मूळचे लष्करातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, ठोसे थांबले, तर माणूस पोहायला लागला आणि १९७२ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन आला. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये. बावन्न वर्षांनी! त्यांना एवढा वेळ ताटकळत ठेवलं, तेव्हा ‘बसा ना’ म्हणायला कोणी उठलं नव्हतं.

असो. बुधवारी पुन्हा तीच बस धरली. फोरमनला स्मरून ताठ उभा राहिलो. कोणीच उठलं नाही. कोथरूड डेपोपर्यंत एकजण मान वर करेल तर शपथ! मंगळवारी एका मुलाचा राग आला होता, बुधवारी अख्ख्या बसचा आला.

तो मुलगा हे वाचत असेल, तर बाळा, पुढच्या वेळी जरूर विचार. फक्त तेवढा ‘ना’ गाळ.