मालिका म्हणजे शिडी नव्हे

‘फायर प्रो रेसलिंग’ या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेतील कोणता भाग सर्वांत सरस, हा वाद तिच्या चाहत्यांत कित्येक वर्षे चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह दिसत नाही. मालिकेचा पहिला भाग १९८९ साली निघाला. त्यानंतरच्या भागांपैकी कोणी १९९६ च्या ‘एक्स प्रीमियम’चा पक्ष घेतो, कोणी २००१ च्या ‘डी’चा, कोणी २००५ च्या ‘रिटर्न्स’चा, तर कोणी २०१७ च्या ‘वर्ल्ड’चा. त्रयस्थाला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. परंतु एकाच प्रकारच्या दोन कृती समोरासमोर ठेवून त्यांचे गुणदोष ठरविणे याला साहित्यात समीक्षा म्हणतात आणि संगीतात जाणकारी म्हणतात. खेळाच्या बाबतीत मात्र त्यालाच पोरखेळ म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. प्रश्न वाद घालावा की नाही हा नसून तो कोणत्या कसोटीवर घालावा हा आहे. या कसोटीच्या निवडीवर जुन्या भागांचे भवितव्यही काही अंशी अवलंबून आहे.

ज्या कुस्तीवर ही मालिका आधारलेली आहे, तिचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मराठी माणसाच्या मनात कुस्ती म्हटली की लाल माती, तालीम आणि चितपट उभी राहते. ठरवून केलेल्या लढतीला तो ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवतो. जपानमधील व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, आणि जाणत्या प्रेक्षकाला ते ठाऊकही असते. तो तेथे फसला जाण्यासाठी जात नाही. नाटक पाहावे तसे तो झुंजीचे चढउतार पाहतो. अंगावर बसणारा मार मात्र पुष्कळ अंशी खराच असतो. रिकिदोझान या मल्लाने १९५० च्या दशकात हा प्रकार जपानमध्ये घरोघर पोहोचविला. त्याचे शिष्य अंतोनिओ इनोकी आणि जायंट बाबा यांनी १९७२ साली अनुक्रमे ‘न्यू जपान’ आणि ‘ऑल जपान’ या दोन संस्था काढल्या. पुढे अनेक संस्था निघाल्या व प्रत्येकीची स्वतंत्र शैली घडली. कोणी खऱ्या लढतीचा भास देणारी कठोर कुस्ती मांडली, तर कोणी काटेरी तारा आणि स्फोटके यांचा थरार मांडला.

‘ह्युमन’ या कंपनीने १९८९ मध्ये ‘पीसी इंजिन’ या खेळयंत्रासाठी पहिला भाग काढला. त्याची कल्पना मासातो मासुदा यांची. या मालिकेचे मर्म तिच्या एका साध्या नियमात आहे. कुस्तीच्या कित्येक खेळांत जो कळा अधिक वेगाने बडवितो तो जिंकतो. येथे दोन मल्ल एकमेकांना भिडले की नेमक्या क्षणी कळ दाबावी लागते. घाई करणारा हरतो आणि उशीर करणाराही हरतो. शिवाय लढतीच्या आरंभीच मोठा डाव टाकू पाहणाऱ्याचा डाव उलटतो. आधी हलके डाव, मग मध्यम, आणि प्रतिस्पर्धी थकल्यावर भारी डाव, अशा चढत्या क्रमानेच लढत न्यावी लागते. म्हणजे खेळणाऱ्याला केवळ विजय मिळवावयाचा नसून चांगली झुंज रचावयाची असते. प्रेक्षागृहातील कुस्तीचा हा आत्मा यंत्रात उतरविणे ही मालिकेची खरी कामगिरी होय, आणि तुलनेची कसोटीही येथूनच निघावयास हवी.

प्रत्यक्षात चाहत्यांच्या वादात दुसऱ्याच तीन कसोट्या वावरताना दिसतात. पहिली मोजदादीची. कोणत्या भागात मल्ल किती, डाव किती, आखाड्याचे प्रकार किती, यांचे तक्ते मांडले जातात आणि ज्याचा आकडा मोठा तो श्रेष्ठ ठरतो. ‘रिटर्न्स’चा गौरव पुष्कळदा त्याच्या शेकडो मल्लांच्या यादीवरून केला जातो. यादी मोठी असणे हा गुण आहे, यात शंका नाही. परंतु शब्दकोशात शब्द अधिक म्हणून तो कादंबरीहून श्रेष्ठ ठरत नाही. हजार डावांपैकी नेमका कोणता डाव कोणत्या क्षणी पडला म्हणजे लढत रंगते, याचे उत्तर तक्त्यात सापडत नाही.

दुसरी कसोटी नवेपणाची. प्रत्येक नवा भाग जुन्याला मागे टाकतो, ही समजूत विक्रेत्याला सोयीची आहे. चाहत्यानेही ती स्वीकारावी हे नवल. या मालिकेचा इतिहासच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. २०१२ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रासाठी याच नावाचा एक भाग निघाला. त्यात जुनी सपाट चित्रे टाकून देऊन बाहुल्यांसारख्या त्रिमिती आकृती आणल्या होत्या. तो आधीच्या सर्व भागांहून नवा होता. तरीही जुन्या चाहत्यांनी त्याला आपला मानले नाही. पाच वर्षांनी ‘वर्ल्ड’ आला तो पुन्हा सपाट चित्रांकडे आणि जुन्या नियमाकडे वळूनच. पुढे जाण्यासाठी निर्मात्यांना मागे यावे लागले, एवढी एक गोष्टही काळाच्या क्रमाला गुणवत्तेचा क्रम मानण्याची सवय सोडविण्यास पुरेशी आहे.

तिसरी कसोटी स्मरणरंजनाची. माणूस ज्या वयात जो भाग प्रथम खेळला तोच त्याला सुवर्णयुगाचा वाटतो. जपानबाहेरच्या चाहत्यांत हे विशेष आढळते. इंग्रजीतील पहिला अधिकृत भाग २००१ साली ‘गेम बॉय अॅडव्हान्स’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. तोवर परदेशी चाहते जपानी प्रती मागवीत, न वाचता येणाऱ्या लिपीतील पर्याय चाचपडत शिकत. पुढे काहींनी जुन्या भागांची भाषांतरेही स्वतःच केली. इतक्या कष्टाने मिळविलेल्या वस्तूवर जीव जडणे स्वाभाविक आहे. परंतु जिव्हाळा हे गुणाचे प्रमाण नव्हे. जुने म्हणून सोने ठरविणारा आणि नवे म्हणून श्रेष्ठ ठरविणारा असे दोघेही एकच चूक करतात. दोघेही पंचांग पाहून निकाल देतात. समोरची कृती पाहण्याचे कष्ट दोघेही टाळतात.

या तिन्ही कसोट्या किती अपुऱ्या आहेत हे १९९४ च्या ‘सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल’ या भागावरून दिसते. त्याची कथा गोइची सुदा या तरुण लेखक-दिग्दर्शकाने रचली. पुढे ‘किलर सेव्हन’सारख्या गेममुळे त्याचे नाव जगभर झाले. सुमिसु मोरिओ हा तिचा नायक. नवशिक्या मल्लापासून जगज्जेतेपदापर्यंतची त्याची वाट जिवाभावाची माणसे गमावीतच पुढे जाते, आणि पट्टा हाती आल्यावर त्या रिकामपणात तो स्वतःच्या हाताने आयुष्य संपवितो. विजय हेच ज्या खेळाचे पारितोषिक, त्यात विजयच पोकळ ठरविणारा हा शेवट अनेकांना धक्कादायक वाटला. तो आवडावा असा आग्रह नाही. परंतु मल्लांची संख्या, चित्रांची सफाई किंवा भागाचे वय यांपैकी कोणत्याही मापाने या कथेचे मोल ठरत नाही, आणि नंतरच्या कोणत्याही भागाने तिची जागा घेतलेली नाही. मालिका ही शिडी असती, तर वरच्या पायरीत खालची सामावली असती. तसे झालेले नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. या मालिकेत खेळणाऱ्याला स्वतः मल्ल घडविता येतात. चेहरा, पोशाख, डाव हे तर असतेच. पण कोणत्या प्रसंगी तो मल्ल कोणता डाव किती टक्के वेळा टाकील, हेही ठरविता येते. मग दोन यंत्रचालित मल्लांची झुंज नुसती पाहत बसणे हाच कित्येक चाहत्यांचा मुख्य आनंद होऊन बसतो. ‘वर्ल्ड’मध्ये अशा चाहत्यांनी घडविलेले हजारो मल्ल एकमेकांना देण्याची सोय आहे. तेव्हा जुन्या भागातील प्रत्येक मल्ल नव्या भागात पुन्हा उभा करता येत असताना जुन्या भागांची गरजच काय, असे विचारले जाते. आक्षेप वजनदार आहे. ‘वर्ल्ड’ने चाहत्याच्या हाती जेवढी सत्ता दिली तेवढी आधीच्या कोणत्याही भागाने दिली नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही त्याला उत्तर आहे. पुन्हा उभा केलेला मल्ल आणि त्या काळी रेखाटलेला मल्ल एक नव्हेत. मालिकेच्या बहुतेक प्रमुख भागांत खऱ्या मल्लांच्या प्रतिमा बदललेल्या नावांनी येत. पोशाखाचा रंग आणि डाव पाहून चाहता त्यांना ओळखी. हिरव्या पोशाखातील मित्सुहारू मिसावा याची प्रतिमा त्यांतलीच. १९९६ चा भाग घडविणाऱ्यांपुढे ऐन उमेदीतला मिसावा होता. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथील लढतीत पाठीमागून उचलून टाकण्याच्या डावाने कोसळून त्याचा अंत होईल, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. आज जो चाहता मिसावा घडवितो, तो शेवट जाणून घडवितो; त्याची कृती श्रद्धांजली असते. जुन्या भागातील आकृती ओबडधोबड असेल, तिच्याजवळ डाव थोडे असतील, परंतु ती समकालीन साक्ष आहे. उत्तम चरित्र उपलब्ध आहे म्हणून जुनी पत्रे कोणी जाळून टाकीत नाही.

आणि हीच साक्ष आज धोक्यात आहे. ‘ह्युमन’ ही कंपनी १९९९ च्या ‘जी’ या भागानंतर थोड्याच काळात बुडाली. मालिका ‘स्पाइक’कडे गेली आणि २०१२ मधील विलीनीकरणानंतर ‘स्पाइक चुनसॉफ्ट’कडे आली. ज्या यंत्रांसाठी जुने भाग निघाले, त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. यंत्र बिघडले की त्याबरोबर खेळही मुका होतो. पुस्तकासारखा तो फळीवरून काढून वाचता येत नाही. त्यात मालकी हक्काची गुंतागुंत आहे. जुन्या भागांतील चेहरे खऱ्या माणसांचे आणि नावे मात्र बनावट. २०१८ मध्ये ‘वर्ल्ड’ची ‘प्लेस्टेशन ४’ आवृत्ती ‘न्यू जपान’च्या मल्लांना त्यांच्या खऱ्या नावांनी घेऊन आली, ती रीतसर कराराने. करार मुदतीचे असतात, आणि मुदत संपली की अधिकृत वस्तूही बाजारातून उठू शकते. अशा स्थितीत नवा भाग निघाला म्हणजे जुन्याचे काम संपले, हा समज निरुपद्रवी राहत नाही. जे कोणी मागत नाही ते कोणी पुन्हा छापीत नाही.

म्हणून जबाबदारी दोन्ही बाजूंवर येते. मालकी बाळगणाऱ्या कंपनीने जुन्या भागांना नव्या मालाचे प्रतिस्पर्धी न समजता मालिकेची पूर्वपीठिका समजावे आणि जेवढे हक्क मोकळे करता येतील तेवढे करून ते आजच्या यंत्रांवर खेळण्याजोगे करावेत. चाहत्यांनीही पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावण्याचा सोस आवरावा. ‘डी’मध्ये लढतीची लय कशी लागते, ‘रिटर्न्स’च्या विस्ताराने त्या लयीचे काय होते, ‘वर्ल्ड’मधील स्वातंत्र्य झुंजीला समृद्ध करते की विसकळीत, हे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी येतील आणि तशी ती आलीच पाहिजेत. विद्यापीठांनी अद्याप पुरेसे मनावर न घेतलेल्या या कलाप्रकाराचा इतिहास आज पुष्कळ अंशी या हौशी वादातूनच लिहिला जात आहे. पण दोन कृतींचा न्याय करावयाचा तर दोन्ही समोर असाव्या लागतात. त्यांतली एक नाहीशी झाली, की उरलेली सर्वांत श्रेष्ठ ठरेल खरी. मात्र ते श्रेष्ठत्व प्रतिस्पर्धी आखाड्यात उतरलाच नाही म्हणून मिळालेल्या विजयासारखे असेल, आणि अशा विजयाची मातब्बरी कुस्तीच्या कोणत्याच आखाड्यात कोणी मानीत नाही.